दोन वाटा, एक उंबरठा

कॅनडावासी दिग्दर्शिका निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' हा माहितीपट २०१२ साली निघाला व २०१४ साली आपल्याकडील चित्रगृहांतही लागला. ज्या घरी तो अद्याप पाहिला गेला नसेल, तेथे वडील मंडळींनी लेकीसुनांसह बसून तो अवश्य पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

त्यात दोन शिक्षणे दाखविली आहेत. मुंबईत 'मिस इंडिया' स्पर्धेच्या उमेदवार मुली चालणे-बोलणे शिकतात, कातडी उजळावी म्हणून औषधांची आग सोसतात. एकदा तर केवळ पाय पारखावयाचे म्हणून त्यांची तोंडे पांढऱ्या कापडाने झाकून त्यांस चालविले जाते. तिकडे तेव्हाच्या औरंगाबादेत दुर्गा वाहिनीच्या शिबिरात मुली लाठी व बंदूक चालविण्यास शिकतात. एक आधुनिकता, दुसरी परंपरा, असा निवाडा करून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तो उथळ वाटतो. मुलीने काय व्हावे हे दोन्हीकडे आधीच ठरलेले आहे. मात्र लाठी हाती येताच त्या पोरींची मान ताठ होते, हेही नाकारता येत नाही.

परंतु खरे मर्म पुढेच आहे, आणि तेथे आपले पुणे येते. २००९ सालची मिस इंडिया वर्ल्ड पूजा चोप्रा पुण्यात वाढली. दुसरीही मुलगीच झाली म्हणून बापास ती नकोशी होती. आई नीरा चोप्रा दोन्ही लेकींना घेऊन घराबाहेर पडल्या. शिबिरातील चोवीस वर्षांची एक शिक्षिका सांगते, की खोटे बोलल्याबद्दल वडिलांनी तापल्या सळईने आपला पाय डागला होता. तरी मुलगी असूनही त्यांनी आपणांस जगू दिले, म्हणून सारे क्षम्य.

जगू दिले! २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा केंद्राचा कायदा १९९४ सालचा. सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणारी घरे आपल्यासारखीच, हे कर्व्यांच्या हिंगण्याचा अभिमान मिरविणाऱ्यांनी विसरू नये.

त्या शिक्षिकेस लग्न करावयाचे नाही, संघटनेचेच काम करावयाचे आहे. वडील म्हणतात, लग्न झालेच पाहिजे. हा संवाद चालू असता आपल्या घरच्या मुलींच्या मुद्रेकडे एकवार पाहावे.