हारासाठी वर्गणी, मग ढोलकीसाठी का नाही?



परवा युनियनच्या बैठकीत अण्णाभाऊंच्या जयंतीचा ठराव आला. १ ऑगस्टला मोठा फोटो, हार, गेटावर फलक आणि भाड्याचा बाजा. मी विरोधात हात वर केला. चार जण चिडले. "अण्णाभाऊंना विरोध करतोस काय रे?" म्हणाले. म्हणून हे लिहितो आहे. चार बुकं शिकलेला माणूस मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

अण्णाभाऊ साठे तर दीड दिवसच शाळेत गेले. वाटेगावहून मुंबईला पायी आले, गिरणीत राबले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. ते काही थेटरातलं नाटक नव्हतं. चाळीचं पटांगण, गिरणीचं गेट, मिळेल ती जागा आणि ढोलकी, डफ, तुणतुणं. अमर शेख बार्शीच्या गिरणीतून आलेले. आवाज असा की कर्णा लागायचा नाही. वग लिहायचे अण्णाभाऊ, आणि पथकासंगं उभेही राहायचे अण्णाभाऊच! लिहून दिलं, पैसे घेतले, घरी गेले, असला हा नाटककार नव्हे. समोरचा कामगार कुठं हसतो, कुठं गप होतो, हे त्यांना जागेवरच कळायचं. गणपतीच्या गणाऐवजी त्यांनी मायभूमीला आणि शिवरायांना मुजरा केला, गौळण काढून टाकली. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तर तोच तमाशा लोकनाट्य म्हणून उभा राहिला. 'शेटजींचं इलेक्शन', 'माझी मुंबई' ही नावं ऐकली तरी कळतं, बोट कुणाकडं आहे ते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई कोणाची, हे शाहिरांनी चाळीचाळीत जाऊन पटवलं. शंभराहून जास्त जणांनी रक्त सांडलं, तेव्हा १ मे १९६० उजाडला.

अण्णाभाऊ १९६९ साली गेले. २००२ साली त्यांचं चार रुपयांचं तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. चांगलं झालं, मला आनंदच आहे. पण पथक कुठं आहे?

माझं गाव शनिशिंगणापूरच्या शेजारचं. तिथं घरांना दारं नाहीत, देवाला छप्पर नाही. शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस सोसत उभी. वगाला असाच चौथरा पाहिजे, असं मला पोरवयात वाटायचं. पण त्याच चौथऱ्यावर २०१६ च्या एप्रिलपर्यंत बायांना चढू देत नव्हते. उघडं आहे म्हणजे सगळ्यांचं आहे, असं नव्हे. म्हणून आपलं पथक झालं तर वाइंडिंगच्या बाया पहिल्यापासून त्यात पाहिजेत. नुसत्या कोरसला नाही, वग रचायलासुद्धा. बदलीवाल्यांची हजेरी कशी कापतात, हे त्यांच्याइतकं कोण सांगेल?

काही म्हणतील, लिहिणार कोण? आपल्यात अण्णाभाऊ नाही. नसेल! पण जेवणाच्या सुट्टीत जॉबरची नक्कल करून अख्खं खातं हसवणारा एक जण आहे. साहेबाच्या कानावर जायला नको, म्हणून नाव लिहीत नाही. त्याच्यापासून सुरुवात करू.

हाराचे आणि बाज्याचे पैसे ढोलकीला द्यावेत, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. डफ माझ्याकडं आहे. येत्या रविवारी पहिली पाळी सुटल्यावर गेटासमोरच्या लिंबाखाली बसू. दुसऱ्या पाळीवाल्यांनी घरून लवकर निघावं.