दोन फटक्यांचे सल्लागार

माझ्या मैत्रिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चिडला की चावतो, हाताला येईल ते फेकतो, भिंतीवर डोकं आपटतो. उपचार चालू आहेत. तरी आपले सल्ले संपत नाहीत! "दोन फटके दे गं, सुधारेल." "तूच लाडावून ठेवलायस." अहो, फटक्यांनी सुधारायचा असता तर केव्हाच सुधारला असता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेलाही मुलाला मारायला आणि आठवीपर्यंत काढून टाकायला बंदी आहे. आपण मात्र त्याला वाढदिवसाच्या यादीतून बिनदिक्कत काढतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईलाही. तिला उपदेश नकोय, झोप हवीय. शनिवारी दोन तास त्याच्याजवळ बसा. नाही जमत? मग डबा पोचवा. तेही नाही? मग कृपा करून गप्प तरी बसा.