चार का, एक का नाही?

घरातील कोणी मद्याच्या आहारी गेला की वडीलधारे त्याला समजावू लागतात. शपथा घातल्या जातात, प्रसंगी पेढीच्या किल्ल्याही काढून घेतल्या जातात. प्रत्येक उपदेशावर तो एक सबब सांगतो. सांगता सांगता ती त्याला स्वतःलाच पटत जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी नेमके हेच हेरले. नॉर्वेतील समुपदेशकांशी झालेल्या चर्चांतून आकारास आलेली आपली पद्धत त्यांनी १९८३ मध्ये मांडली. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' हे तिचे नाव. मराठीत 'प्रेरणासंवाद' म्हणता येईल.

यातील एक प्रश्न असा: "दारू सोडणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहांत सांगा." समजा, उत्तर आले 'चार'. घरचे लगेच विचारतील, "दहा का नाही?" मग पुन्हा सबबींची यादी. समुपदेशक मात्र विचारतो, "चार का, एक का नाही?" आता सोडण्याची कारणे त्यालाच शोधावी लागतात. "मुलगी हल्ली जवळ येत नाही," असे काहीसे तो पुटपुटतो. समुपदेशक तेच शब्द हळुवारपणे परत उच्चारतो आणि थांबतो. हे थांबणेच आपल्याकडे सर्वांत अवघड!

मिलर व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात समुपदेशकाने जितके अधिक खोडून काढले, तितके रुग्णाचे पिणे वर्षानंतर अधिक आढळले. हा तोट्याचा हिशेब व्यापारी घरांना निराळा समजावण्याची गरज नसावी.

मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबवल्यास झटके येऊ शकतात, प्रसंगी जिवावर बेतते. तेथे आधी डॉक्टर, नंतर संवाद.