भावी डॉक्टरांचे लपवलेले आजारपण

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी केलेल्या पाहणीत पदवी अभ्यासक्रमाच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. आपल्याला मानसिक विकार असल्याचे त्यांतील २७.८ टक्क्यांनी सांगितले, तर आत्महत्येचे विचार मनात आल्याचे १६.२ टक्क्यांनी नमूद केले. ही पाहणी ऑनलाइन होती आणि ज्यांना उत्तर द्यावेसे वाटले त्यांनीच ते दिले. तेव्हा देशातील सगळ्याच विद्यार्थ्यांना हे प्रमाण जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. परंतु एवढी सूट देऊनही चार हजारांहून अधिक तरुणांचा हा कबुलीजबाब उरतोच. अहवालाची चार दिवस चर्चा झाली, मग नवी प्रवेशफेरी आली आणि सर्वांचे लक्ष पुन्हा गुणांच्या कटऑफकडे वळले.

ज्या वास्तूत औषध मिळते त्याच वास्तूत शिकणाऱ्या मुलांना औषध का मिळू नये, हा यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आरंभ पहिल्या वर्षापासून करावयास हवा.

दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले ‘नीट’ला बसतात आणि एमबीबीएसच्या लाखभरापेक्षा थोड्या अधिक जागांपैकी एखादी जागा पटकावणारा मुलगा आपल्या गावात असामान्य ठरलेला असतो. पेढे वाटले जातात, शिकवणी वर्गाच्या फलकावर छायाचित्र झळकते. पुढच्या महिन्यात तोच मुलगा दीडशे असामान्यांत एक सामान्य म्हणून बसतो. प्रवेशपरीक्षा मराठीतून देण्याची मुभा होती, पण आता शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीनही विषय इंग्रजीतूनच शिकावयाचे असतात. त्यांचा पसारा असा की पूर्वी त्यांसाठी दीड वर्ष मिळत असे. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आणले. शवविच्छेदनाच्या दालनातील फॉर्मॅलिनचा वास पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो. तोंडी परीक्षेत चारचौघांत झालेली फजिती तितक्या सहज पडत नाही. वसतिगृहाच्या खोलीत रात्रीचे दोन वाजणे हा नियम होतो आणि झोप ही चैन मानली जाते.

हे सारे निरोगी मुलालाही जड जाते. तथापि ज्यांची चर्चा जवळजवळ होतच नाही असा एक वर्ग आहे: आजार सोबत घेऊनच महाविद्यालयात येणाऱ्यांचा. निम्म्याहून अधिक मानसिक विकारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते, आणि आपल्याकडे ‘नीट’ची तयारी करणारी मुले नेमकी त्याच वयाची असतात. दोन-तीन वेळा परीक्षा देताना कोणाला नैराश्याने गाठलेले असते, कोणाला विचारांचा न थांबणारा चाळा लागलेला असतो. शहरातल्या डॉक्टरांकडे गुपचूप उपचार चालू असतात. प्रवेश मिळाला की घरातले म्हणतात, “आता तूच डॉक्टर होणार, गोळ्या कसल्या घेतोस?” मुलालाही ते पटते. यशाने आजार बरा झाला असावा, असा समज करून घेणे फार सोपे असते.

वास्तविक वैद्यकशास्त्र नेमके याच्या उलट सांगते. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे जावे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात आणि मूळ दुखणे उलटण्याचा धोका वाढतो. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात तर नुसते जागरणही झटका आणण्यास पुरेसे होते. म्हणजे औषध सोडणे आणि झोप मोडणे या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडतात, तोही घरापासून दूर.

मग हा विद्यार्थी मदत का मागत नाही? महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतोच. परंतु तेथे जावयाचे म्हणजे केसपेपरच्या खिडकीपाशी आपल्याच वर्गमित्रांच्या देखत उभे राहावयाचे, आणि जे अध्यापक उद्या आपल्याला शिकवणार, कदाचित आपली परीक्षाही घेणार, त्यांच्यासमोर मनातले सांगावयाचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण खिडकीपुढच्या रांगेला तो कायदा ठाऊक नसतो. मदत न घेण्याच्या कारणांत गोपनीयतेची शंका आणि कलंकाची भीती या गोष्टी उपरोक्त अहवालातही ठळकपणे पुढे आल्या आहेत. मनाचे आजार हे शरीराच्या आजारांसारखेच असतात, हे ज्या इमारतीत शिकवले जाते तेथेच ते सर्वांत कमी मानले जाते, असे खेदाने म्हणावे लागते.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नव्हे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात आरंभी पायाभूत वर्ग आले, त्यांत ताणतणावांची ओळख करून देण्याची आणि भाषेच्या मदतीची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या एका ‘नीट’ विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. परंतु तो समुपदेशक अधिष्ठात्यांच्या हाताखालचा असेल, त्याची खोली कार्यालयाच्या शेजारी असेल आणि भेटींची नोंदवही शिपायाच्या टेबलावर असेल, तर तिच्यात नाव लिहावयास कोण धजावेल? उपचार महाविद्यालयाबाहेरच्या तज्ज्ञाकडे व्हावेत, खर्च संस्थेने द्यावा आणि विद्यार्थ्याचे नाव संस्थेला कळू नये, एवढी साधी व्यवस्था योगदिनाच्या दहा कार्यक्रमांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. लहान जिल्ह्यांच्या ठिकाणी, जेथे नवी महाविद्यालये निघाली आहेत पण बाहेर मनोविकारतज्ज्ञ सहसा सापडत नाही, तेथे दूरध्वनीवरील सल्ल्याचा आधार घ्यावा लागेल.

दुसरी गरज आहे ती थांबण्याच्या सोयीची. पहिली परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी नियमांनी चार वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे आजारासाठी सहा महिने घरी राहून परत येणे अशक्य नाही. अडते ते उपस्थितीच्या टक्केवारीपाशी आणि मागच्या तुकडीत बसण्याच्या लाजेपाशी. जागा सोडणाऱ्याकडून जबर रक्कम वसूल करण्याची पद्धतही अनेक राज्यांत रूढ झाली. आपण चुकीच्या वाटेवर आलो हे ज्याला कळले आहे, त्याला पैशांच्या धाकाने त्या वाटेवर डांबून ठेवण्यात कोणते राष्ट्रहित साधते?

“ज्याला पहिले वर्ष झेपत नाही तो रुग्णांचे काय करणार?” असा आक्षेप जुने अध्यापक घेतात, आणि त्यामागची काळजी खोटी नाही. पण मधुमेहाचे इन्सुलिन घेऊन शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद आपण अपात्र मानीत नाही. रुग्णांना धोका आहे तो आजार लपवणाऱ्या डॉक्टरकडून; उपचार घेणाऱ्याकडून नव्हे. लपवण्याचे शिक्षण पहिल्या वर्षी मिळाले की ते निवृत्तीपर्यंत टिकते.

संस्था बदलेपर्यंत पालकांनी स्वस्थ बसावे असे मात्र नाही. प्रवेशाच्या दिवशी गुणपत्रिका, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, त्यांच्या साक्षांकित प्रती अशी फाइल आपण डोळ्यांत तेल घालून लावतो. मुलगा किंवा मुलगी उपचार घेत असेल तर तीत आणखी काही कागद हवेत: सध्याच्या डॉक्टरांचे आजाराचा आणि औषधांचा तपशील देणारे पत्र, नव्या गावातील तज्ज्ञाचा पत्ता व पहिल्या भेटीची ठरवून घेतलेली तारीख, आणि १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक, जो ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. तीन महिन्यांची औषधे बरोबर द्यावीत. आणि रविवारी फोन कराल तेव्हा चाचणीत किती गुण पडले हे विचारण्याआधी रात्री झोप किती होते, ते विचारावे.