एका कारखान्याच्या तीन बाबागाड्या

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’स त्याचें नांव एका लहान मुलाच्या मातीच्या गाडीवरून मिळालें, हें आपणांस ठाऊक आहेच. चारुदत्ताच्या मुलास सोन्याची गाडी हवी होती, म्हणून तो रडत होता. आमच्या बदलापूरच्या घरीं मागील महिन्यांत गाडीवरूनच वाद झाला. मात्र ह्या वेळीं हट्ट बालकाचा नसून मोठ्या माणसांचा होता.

आमचा धाकटा नातू दोन महिन्यांचा आहे. चिरंजीवांनीं एका नामांकित कारखान्याच्या तीन बाबागाड्यांचीं चित्रें माझ्यापुढें ठेविलीं व म्हटलें, “कारखाना एकच, तेव्हां गुणही सारखाच. सर्वांत हलकी घेऊं, म्हणजे स्टेशनचा पूल चढतांना त्रास नाहीं.” त्यावर त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “आपलीं मुलें मांडीवर वाढलीं आणि पांगुळगाड्यावर चालायला शिकलीं. घरांत इतकीं माणसें असतांना गाडी कशाला?” निवाड्याचें काम माझ्याकडे आलें.

चिरंजीवांच्या विधानांतील हेत्वाभास दाखविण्यास मॅक्लारेन ह्या इंग्रज नांवाचें उदाहरण पुरेसें आहे. ओवेन मॅक्लारेन हे विमानविद्येंतील अभियंते. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनीं काम केलें होतें. नातवंडाची अवजड गाडी पाहून ह्या आजोबांनीं १९६५ सालीं छत्रीप्रमाणें मिटणारी अ‍ॅल्युमिनियमची गाडी योजिली. तिचें वजन सुमारें ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो होतें. पुढें त्याच कारखान्यानें अनेक नमुने काढले. त्यांतील ‘व्होलो’ ही हलकी, सुमारें ४ किलोंची; परंतु तिची पाठ मागें कलत नसे, म्हणून ती सहा महिन्यांवरील मुलांसाठीं होती. ‘क्वेस्ट’ची पाठ कांहीं अंशीं कलत असे, ती त्या काळीं तीन महिन्यांपुढील मुलांसाठीं सांगितली जाई. ‘टेक्नो’ त्यांहून जड, पण तिची पाठ पुष्कळ मागें जात असल्यामुळें ती नवजात बालकासही चाले. नांव एक, मिटण्याची रीत तीच. तरीही दोन महिन्यांच्या मुलास पहिली गाडी अयोग्य आणि तिसरी योग्य!

ह्याचें कारण शरीररचनेंत आहे. तान्ह्या बालकाचें डोकें जड आणि मान अशक्त असते. तें उभ्या पाठीच्या गाडींत बसविलें, कीं हनुवटी छातीवर टेकते व श्वासाची वाट दबते. मूल शांत निजलें आहे असें पाहणारास वाटतें, आणि धोका नेमका तेव्हांच असतो. म्हणून गाडी निवडतांना पहिला प्रश्न वजनाचा किंवा किंमतीचा नव्हे, तर मुलाच्या मानेचा आहे.

उलट पक्षीं, एका कारखान्याच्या गाड्यांचे गुण वेगळे असले, तरी दोष समान असूं शकतो. मिटणाऱ्या बिजागरींत बोटें सांपडून मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याच्या १२ घटना समोर आल्यावर, १९९९ पासून विकल्या गेलेल्या सुमारें १० लक्ष मॅक्लारेन गाड्यांसाठीं नोव्हेंबर २००९ मध्यें अमेरिकेंत बिजागरीचीं आवरणें फुकट देण्यांत आलीं. त्यांत वरील तीनही नमुने होते. गाडी कोणाचीही असो, ती उघडतांना व मिटतांना मूल हातभर दूर असावें, हा ह्यांतील धडा.

आतां आमच्या भागाचा विचार. अंबरनाथचें इ. स. १०६० मधील शिवालय नातवास दाखवावें, अशी घरांत सर्वांची इच्छा आहे. पण तेथील गाभारा जमिनीच्या पातळीखालीं असून पायऱ्या उतरून जावें लागतें. तेथें उत्तम गाडीही बाहेरच राहणार. लोकलमध्यें गर्दीच्या वेळीं ती मिटूनच न्यावी लागते. फलाटावर तर हात काढतांच आधीं चाकांची कळ दाबावी. ऑक्टोबर २००९ मध्यें मेलबर्न येथील अ‍ॅशबर्टन स्थानकावर एक बाबागाडी घरंगळत रुळांवर पडली व येणाऱ्या आगगाडीनें तिला धडक दिली. आंतील सहा महिन्यांचें बालक वांचलें, हें दैव; परंतु दैवावर कोणी विसंबूं नये.

माझा स्वतःचा प्रमादही सांगतों. थोरल्या नातीच्या वेळीं उल्हासनगरच्या बाजारांतून परततांना मीं गाडीच्या मुठीस भाजीची जड पिशवी अडकविली. मुलीस उचलतांच गाडी मागें उलटली. क्षणभर आधीं मूल आंत नुसतें हललें असतें, तरी काय झालें असतें, ह्या विचारानें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

हें सर्व बोलून मीं निर्णय दिला, “सहा महिने गाडी नकोच, घरांत हात पुष्कळ आहेत.” तेव्हां आजवर न बोललेली सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, हात पुष्कळ आहेत हें खरें. पण डोस पाजायला दवाखान्यांत जातांना आणि माहेरीं जातांना ते दोन माझेच असतात.” ह्यास मजजवळ उत्तर नव्हतें. ज्याचें ओझें त्याचें मत आम्हीं सर्वांत शेवटीं ऐकिलें, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट होय.

शेवटीं पाठ पूर्ण आडवी होणारी, कंबर, खांदे व मांड्यांमध्यें मिळून पांच ठिकाणीं पट्टा असलेली गाडी घेतली. ती हलकीहून दोन-तीन किलोंनीं जड आहे. पूल चढतांना मूल एकानें घ्यावें व गाडी दुसऱ्यानें, आणि तो दुसरा चिरंजीवांनीं व्हावें असें ठरलें. दुकानांत जाणाऱ्यांस एवढेंच सांगणें, कीं गाडी स्वतः मिटून, उचलून, कळ दाबून पाहावी. कितव्या महिन्यापासून व किती वजनापर्यंत ती चालते, हें तिच्यावरील चिठ्ठींत वाचावें. आणि जी ती रोज ढकलणार, तिला आधीं विचारावें.