झाड लावावे ते कोठे?

मृगाच्या सरी पडू लागल्या, की गावोगाव वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात. पाहुणे येतात, रोपाला दोन ओंजळी पाणी घालतात आणि पुढच्या गावाची वाट धरतात. नंतर एकूण किती रोपे लावली, याचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्रात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प करण्यात आला होता. अशा संकल्पांमागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आकडा ऐकला, की माझ्या मनात हटकून एक प्रश्न उभा राहतो : ही झाडे लावली कोठे?

बहुधा ती सडकेच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा गावालगतच्या सपाट जागेवर लावलेली असतात. तेथे गाडी पोहोचते, पाण्याचा टँकर पोहोचतो आणि छायाचित्रही चांगले येते. सावलीसाठी ही झाडे उत्तमच. मात्र माती आणि पाणी यांचे रक्षण करावे अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे म्हणजे राखणदाराला गोठ्यात बसवून शेत राखायला सांगण्यासारखे आहे.

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी वाहत वाहत अखेरीस एकाच ओढ्याला मिळते, त्या सर्व भूभागाला त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. गावाच्या शिवा माणसांनी आखल्या. पाणलोटाची शीव मात्र डोंगराच्या धारेने आखलेली असते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अवर्षणग्रस्त भागातही प्रत्येक हेक्टरवर ५० लक्ष लिटर पाणी उतरते! तरीही उन्हाळ्यात तेथील विहिरी कोरड्या पडतात. कारण हे पाणी थांबत नाही. उघड्या उतारावरून ते जसजसे खाली येते, तसतसा त्याचा वेग वाढत जातो. वेगाचे सामर्थ्य तर विलक्षण आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, म्हणजे ते दुप्पट वजनाचा गोटा लोटते असे नव्हे. सुमारे ६४ पट वजनाचा गोटा लोटू शकते. एकदा असा वेग आलेले पाणी पायथ्याशी अडवू पाहणे व्यर्थ होय. म्हणूनच जाणती माणसे काम माथ्यापासून आरंभावे, असे सांगतात.

माथ्यावर काय लावावे, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. तेथे मातीचा थर जेमतेम वीतभर असतो. अशा जागी मोठ्या वृक्षाचा हट्ट धरण्यापेक्षा गवत राखावे, हे बरे. गवताच्या मुळांची जाळी माती धरून ठेवते आणि त्याची पाती थेंबांचा मारा झेलतात. त्याखालच्या उतारावर समपातळीत चर खणावेत, चरातून निघालेल्या मातीच्या भरावावर सीताफळ, आवळा, कडुनिंब यांसारखी काटक झाडे लावावीत. ओघळींच्या काठी बांबू, निरगुडी आणि घायपात; ओढ्याच्या काठाने करंज, जांभूळ, उंबर. शेताच्या कडेला, पाणी जेथून शेतात शिरते तेथे, वाळ्याची एक दाट ओळ लावली तरी गाळ तिच्या आड थबकतो. वाळ्याची मुळे जमिनीत दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाशी त्यांचे फारसे भांडण होत नाही. काही जागी तर झाड न लावणे हेच शहाणपणाचे ठरते. दख्खनच्या पठारावरील गवताळ माळराने ही ओसाड जमीन नव्हे. लांडग्यांचे, काळविटांचे आणि माळावरच्या असंख्य पाखरांचे ते घर आहे.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? झाड कोठेही लावले तरी ते झाडच. हे म्हणणे रोपे, पाणी आणि माणसांचे श्रम अमर्याद असते तर मला मान्य झाले असते. तसे ते नाहीत. शिवाय सगळ्या पाणलोटातून सारखाच गाळ येत नाही. चंडीगडचे उदाहरण पाहा. तेथे १९५८ साली बांध घालून सुखना सरोवर निर्माण करण्यात आले आणि पुढच्या दीड दशकात ते गाळाने भरत चालले. सरोवरातील गाळ उपसण्यावर पैसा खर्च होऊ लागला. डॉ. पी. आर. मिश्रा या मृदासंधारण शास्त्रज्ञांनी मात्र गाळाचा माग काढत उलट दिशेने, डोंगराकडे जाण्याचे ठरविले. त्यांना असे आढळले, की बराचसा गाळ सुखोमाजरी नावाच्या एका लहानशा खेड्याभोवतीच्या उघड्याबोडक्या शिवालिक टेकड्यांवरून येत आहे. दुखणे शहरात दिसत होते. त्याचे मूळ होते खेड्यातल्या टेकडीवर.

जागा सापडली, तरी काम सोपे नव्हते. त्या टेकड्यांवर गावकऱ्यांची गुरे-शेळ्या चरत असत. चराई थांबल्याशिवाय गवत वाढणार नव्हते आणि शहरातील सरोवर स्वच्छ राहावे म्हणून खेड्यातील गरिबाने आपली शेळी का विकावी, या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. पुढे गावाजवळ मातीचे छोटे बंधारे बांधण्यात आले आणि त्यांचे पाणी शेतीला मिळू लागले. आता टेकडी राखली तरच आपला बंधारा गाळाने भरणार नाही, हे गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसले. तरी एक पेच उरलाच. पाण्याचा लाभ जमीनवाल्यांना. भूमिहीनांनी मात्र चराई सोडायची! अखेर असे ठरले, की जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा मिळावा. ज्याला जमीन नव्हती, तो आपला वाटा दुसऱ्याला देऊन मोबदला घेऊ शकत होता. टेकड्यांवर भाबर गवत आणि खैराची झाडे पुन्हा वाढू लागली आणि सरोवरात येणारा गाळही पुष्कळ घटला.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला, त्यातही पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात देण्याचा दंडक होता. दोन वेगळ्या प्रांतांतील माणसे साधारण एकाच काळात एकाच निष्कर्षाला यावीत, ही गोष्ट मला विशेष वाटते.

म्हणून पाणलोटात झाडांच्या जागा ठरविताना केवळ नकाशा पसरून भागणार नाही, असे माझे मत आहे. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन ओढ्याच्या उगमाकडे चालत जावे. जेथे नितळ पाणी गढूळ होते, ती जागा टिपून ठेवावी. आणि पाऊस उघडला, म्हणजे तेथे रोज शेळ्या घेऊन येणाऱ्या म्हातारीला विचारावे, की आजी, हा उतार चार वर्षे राखायचा, तर तोवर तुमच्या शेळ्यांना चारा कोठून आणून द्यावा?