उशब्ती: पुरावस्तूंच्या वादातील दुर्लक्षित दुवा

गिझा येथील ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’चे १ नोव्हेंबर २०२५ रोजी औपचारिक उद्घाटन झाले आणि रोझेटा शिळा व नेफर्तितीचा अर्धपुतळा परत मिळावा, या मागणीने पुन्हा जोर धरला. या चर्चेत उशब्तींचा उल्लेख क्वचितच होतो.

मृतासोबत पुरल्या जाणाऱ्या या लहान मूर्ती म्हणजे परलोकातील वेठबिगारीवरचा उपाय. शेत कसण्याची किंवा वाळू वाहण्याची हाक आली, की धन्याऐवजी मूर्तीने हजेरी द्यावी, असा मंत्र त्यांवर कोरला जाई. पुढे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक अशा ३६५ मूर्ती आणि त्यांच्यावर ३६ मुकादम अशी व्यवस्था रूढ झाली. तुतनखामुनच्या थडग्यात तर ४१३ मूर्ती होत्या.

ही विपुलताच त्यांच्या मुळावर आली. वीतभर मूर्ती सहज लपवता येते. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. परंतु त्यापूर्वी देशाबाहेर गेलेल्या उशब्ती परदेशी लिलावांत आजही विकल्या जातात आणि चोरीचा माल त्यांत मिसळणे फारसे अवघड नाही. मूर्तीवर मालकाचे नाव असेल, तरच काही माग लागतो. राजघराण्यातील नावांच्या वस्तू बाजारात दिसू लागल्यामुळेच १८८१ मध्ये देर अल-बहारी येथील राजममींचे गुप्त दालन उघडकीस आले होते.